सुनेच्या अंगठ्याखालची बटणं

आमच्या घरात गाडी आली ती मुलाच्या हौसेनं आणि चालू राहिली ती सुनेच्या कामानं. हे मी मुलाच्या तोंडावर बोलते, तेव्हा इथे लिहायलाही हरकत नाही.

मुलगा नागावच्या समुद्रावर काम करतो. होडीच्या मागे एक लांबडं रबरी केळं बांधतो, त्यावर पर्यटकांना बसवतो आणि खोल पाण्यात नेऊन पाडतो. लोक पाण्यात पडायला पैसे देतात आणि बाहेर आल्यावर हसतात. सकाळी गेलेला मुलगा अंधार पडल्यावरच घरी येतो, त्यामुळे त्याची जुनी विकत घेतलेली गाडी दिवसभर माडाखाली उभी असायची. वरून झावळ्या पडायच्या, कावळे घाण करायचे. ती धुवायची कोणी, तर सुनेनं. एक दिवस सून म्हणाली, “आई, धुवायची मीच, तर चालवायला काय हरकत?” मी म्हटलं, काही नाही.

अलिबागला जाऊन ती शिकली. लायसन काढलं. आमच्या दोन आळ्या पलीकडे एक होमस्टेवाली बाई आहे. तिच्याकडचे पाहुणे मुंबईहून बोटीनं मांडव्याला उतरतात. बायाबायाच आल्या असतील तर त्यांना बाई ड्रायव्हर बरी वाटते. असं करत सुनेला काम मिळालं आणि टिकलं.

मग ते भिंतीचं झालं. आक्षीच्या वळणावर तिचा फोन वाजला. फोन शेजारच्या सीटवर पिशवीत. तिनं हात लांब केला आणि गाडीची डावी बाजू एका कंपाऊंडला घासली. भिंतीला काही झालं नाही, पत्र्याला लांब ओरखडा आला. आता, याच गाडीचा मागचा भाग माझ्या मुलानं मित्रांना रिव्हर्स दाखवताना माडावर आपटला होता. तेव्हा माड मध्ये आला होता. सुनेच्या वेळी मात्र भिंत जागच्या जागी होती आणि सुनेला अक्कल नव्हती. त्यानं तिला ओट्यावर सगळ्यांसमोर सांगितलं, “पुन्हा एक ओरखडा दिसला की चावी माझ्याकडं. मग बस घरात.”

त्या दिवसापासून सून गाडीत बसली की तिचे दोन्ही हात स्टेअरिंगवरून हलायचे नाहीत. स्टेअरिंगच्या डाव्या अंगाला कंपनीनंच दिलेली बटणं होती. आवाज वाढवायचं, कमी करायचं, पुढचं गाणं लावायचं, फोन घ्यायचं, फोन कापायचं. ती सगळं डाव्या अंगठ्यानं करायची. फोन कप्प्यात बंद. होमस्टेवाली बाई बोलायची ती टेपच्या स्पीकरातून. पाहुणे अमक्या बोटीनं आले, तमक्या गेटला उभे आहेत, हे सांगायला ती बाई सारखी फोन करते आणि एकदा उचलला नाही तर पुढच्या वेळी दुसऱ्याला लावते. थोडक्यात, ती बटणं चालली तर सून चालवणार, नाहीतर चुलीपाशी.

आता हळदीकडे येते. आमच्या आगरी लोकांत लग्नापेक्षा हळदीला आवाज जास्त. मांडवात मोठमोठे स्पीकर असतातच, तरी पोरं आपापल्या गाड्या ओळीनं लावतात, दारं आणि डिक्या उघडतात आणि कोणाची गाडी जास्त बोंबलते ते बघतात. अशाच एका हळदीला कोणीतरी माझ्या मुलाला म्हणालं, “तुझी गाडी खोकते काय रं?” झालं. बापाच्या तेराव्याला पोटभर जेवलेला हा माणूस त्या दिवशी ताटावरून उठला.

पुढच्या हळदीच्या आधी एक खोकं घरी आलं. त्यात मोठ्या पाटीएवढी स्क्रीन होती आणि खाली मोठाले स्पीकर.

“हे काय?” मी विचारलं.

“टेप हाय, आये. अँड्रॉइड. सिनेमा पन दिसतो.”

“गाडी चालवताना सिनेमा बघणार?”

“तुला न्हाय कळायचं गो.”

सून दारात उभी होती. तिनं एवढंच विचारलं, “स्टेअरिंगवरची बटणं चालतील ना यावर?”

“सगलं चालतं,” मुलगा म्हणाला.

माझ्या मुलाचं ‘सगळं चालतं’ मी त्याच्या शाळेपासून ऐकते आहे. सून मला आत येऊन म्हणाली, “आई, उद्या टेप बसवायच्या दुकानात तुम्ही पण चला. तुम्ही असलात की हे जरा दमानं घेतात.” मी गेले. मुलगा दमानं कधीच घेत नाही, पण मला घरात बसून तरी काय करायचं होतं.

दुकान पेणच्या रस्त्याला. मला पंख्याखाली प्लास्टिकचं स्टूल दिलं. फिटर मध्यम वयाचा, तोंडात सुपारी. त्यानं गाडीचा पुढचा भाग असा उघडला की जणू कोंबडीचं पोट साफ करतोय. आतून समुद्राची वाळू निघाली, शेंगदाण्याची सालं निघाली आणि सुनेच्या कानातलं निघालं, ज्याच्यासाठी शेजारणीवर आळ आला होता. मुलानं ते उचलून तिच्या हातावर ठेवलं, जसं काही सोन्याचा हार घडवून आणला.

फिटरनं विचारलं, “स्टेअरिंगची बटणं ठेवायची ना?”

“र्‍हाऊ दे रं,” मुलगा म्हणाला. “स्क्रीनला बोट लावलं की काम झालं.”

“मग या वायरी मोकळ्या सोडतो. वर चिकटपट्टी मारतो.”

सून मागे उभी होती. ती पुढे आली, दार उघडून ड्रायव्हरच्या सीटवर बसली आणि दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवले.

“अगो, उठ. त्याला काम करू दे,” मुलगा म्हणाला.

“बटणं जोडा, मग उठते.”

“तुला वायरीतलं काय कळतं?”

“वायरीतलं नाही कळत. बटणं कळतात. जोडायची नसतील तर जुना टेप परत लावा.”

दुकानातली गिऱ्हाइकं बघायला लागली. मुलाला तेच नको होतं. त्यानं माझ्याकडे बघितलं, म्हणजे मी तिला उठवावं. मी फिटरला म्हटलं, “बाबा, जोड त्या वायरी. ती काय उठत नाही आणि मला घरी जाऊन भात टाकायचाय.”

फिटर सुपारी सांभाळत हसला आणि कामाला लागला. जोडल्यावर त्यानं समजावून सांगितलं ते मला पटलं. प्रत्येक बटण वायरीतून वेगवेगळा इशारा पाठवतं. जुन्या टेपला ते इशारे ठाऊक होते, हा टेप नवा आहे, त्याला शिकवायला लागतं. स्क्रीनवर एक पान उघडायचं, स्टेअरिंगचं एक बटण दाबून धरायचं आणि स्क्रीनवर त्या कामाच्या चित्राला बोट लावायचं. मग पुढचं बटण. “आत्ताच करून देतो,” तो म्हणाला आणि टेप चालू करायला त्यानं हात नेला.

मुलानं त्याचा हात धरला. “पूजा झाल्याबिगर चालू न्हाय करायचा.”

हे आमच्या घरातलं खूळ आहे आणि ते माझ्या नणंदेनं लावलेलं आहे. नणंद थळला दिलेली. घरात नवीन वस्तू आली की तिच्या हातून हळदकुंकू लागेपर्यंत ती चालू करायची नाही. फ्रिज आला तेव्हा ती कुठे लग्नाला गेली होती, तर आम्ही नवा फ्रिज बंद ठेवून पापलेटं शेजाऱ्यांच्या फ्रिजमध्ये ठेवली होती. शेजाऱ्यांनी त्यातली काही खाल्ली. मी त्यांना दोष देत नाही, त्यांच्या जागी असते तर मीही खाल्ली असती.

“मग घरी शिकवा,” फिटर म्हणाला. “पण सावकाश. एक बटण झालं की दुसरं.”

घरी नणंद ताट घेऊन तयारच होती. कुंकू पाण्यात कालवून ठेवलेलं, हळद वेगळी, नारळ, लिंबं. पोरं जमलेली. नणंदेनं ओली बोटं थेट नव्या स्क्रीनकडे नेली तसा मुलगा किंचाळला.

“आते, तिथं नको! काच खराब होईल!”

“मंग कुठं लावू रं? टेप तर ह्योच ना?”

मुलानं तिचा हात धरून स्टेअरिंगकडे वळवला. “हितं लाव. ही बटणं पन त्याचीच हायत.”

आणि तिनं लावलं. बटणाबटणाला हळद, बटणाबटणाला कुंकू, चांगलं जाड. एकही बटण रुसू नये म्हणून दुसऱ्यांदा लावलं. मग चाकाशी नारळ फोडला आणि करवंटीतलं सगळं पाणी स्टेअरिंगवर शिंपडलं. शिंपडलं म्हणते, ओतलंच. सून फडकं आणायला वळली.

“पुसू नको गो,” नणंद म्हणाली. “आजचा दिस र्‍हाऊ दे. पुसलं तर पावत न्हाय.”

मी म्हटलं, “देवाला पावायला चिकट लागतं काय?”

“वयनी, तुमी गप र्‍हावा,” नणंद म्हणाली. नणंद माझ्याहून लहान, पण मला गप करायचं काम तिनं लग्नापासून घेतलेलं आहे.

गाडी हळदीला गेली. आवाज आमच्या घरापर्यंत जात असणार, पण मी मांडवातच होते. आमच्याकडे धवले, म्हणजे लग्नविधीची गाणी, म्हणायला धवलारीण बोलावतात; हळद आता कुठे लावायची तेही त्या गाण्यातच असतं. म्हातारी आहे, माझ्यापेक्षा मोठी, सगळे धवले तोंडपाठ. ती नवरदेवाशेजारी बसून तोंड हलवत होती. गात होती असं समजायचं. बायका तिच्या तोंडाकडे बघून अंदाजानं हळद लावत होत्या. नवरदेवाच्या कपाळाची पाळी दोनदा आली, पायांची आलीच नाही. बाहेर माझा मुलगा गाडीच्या टपावर हात आपटत होता. त्याची गाडी आता खोकत नव्हती, एवढं मात्र खरं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, समुद्रावर जायच्या आधी, तो टेपला शिकवायला बसला. कुंकू, हळद आणि नारळाचं पाणी तोवर उन्हात आणि गाडीच्या धगीत सुकून कडक झालं होतं. त्यानं वरवर हातानं झाडलं. सावकाश शिकवायचं असं फिटरनं सांगितलं होतं, म्हणून यानं भराभर सुरुवात केली. पहिलं बटण आवाज वाढवायचं. ते टेप शिकला. शिकला तो असा की मुलानं बोट काढलं तरी आवाज आपोआप वाढतच गेला. माडावरचे कावळे उडाले. पलीकडची म्हातारी ओट्यावर येऊन ‘कोण गेलं’ म्हणून विचारायला लागली. मुलगा कमी करायचं बटण दाबतोय, फोन कापायचं दाबतोय, काही उपयोग नाही. कुठलंही बटण शिकवायला जावं तर टेपला ते आवाज वाढवायचंच वाटत होतं. शेवटी त्यानं चावी काढून घेतली तेव्हा आळी शांत झाली.

“वायरीत फॉल्ट हाय,” त्यानं जाहीर केलं. “बटणंच जुनी झालीत. आता नाद सोड.”

पुन्हा चावी लावून, तेवढा बोंबलाट सोसत, तो स्क्रीनवरून बटणांचं शिक्षण बंद करून आला.

सून म्हणाली, “उद्या मांडव्याचं काम आहे. फोन कसा घेऊ?”

“हात लांब करून. अख्खं जग घेतं.”

“आणि ओरखडा आला तर?”

“तर चावी माझ्याकडं. एकदा बोललोय ना.” आणि वर म्हणाला, “जमत नसल तर त्या बाईला सांग, येत न्हाय म्हणून. मना पन गाडी लागतेच हल्ली.”

म्हणजे तिथे गाडी अडली होती. टेप बसल्यापासून गाडीला किंमत आली होती, आणि किंमत आलेली वस्तू बायकोच्या हातात कशाला? हे तो बोलला नाही, पण मी त्याची आई आहे.

तो समुद्रावर गेला. सून गाडीची दारं उघडी टाकून आत बसून राहिली. रडत नव्हती. रडत असती तर मी तिकडे फिरकले नसते, मला रडणाऱ्या माणसांशी बोलता येत नाही. मी तिच्यासाठी चहा नेला. कप द्यायला वाकले तर दाराच्या फटीतून मुंग्यांची रांग वर चढत होती. सीटवरून, सुनेच्या ओढणीवरून, स्टेअरिंगवर. आणि सगळ्या जाऊन एका बटणाच्या कडेला घुसत होत्या. आवाज वाढवायच्या.

“या कुठे चालल्या गो?” मी म्हटलं. “यांना पण हळदीला जायचंय काय?”

सुनेनं खाली बघितलं. मग बटण अंगठ्यानं दाबून बघितलं. ते दाबलं जात नव्हतं, कारण ते आधीच दाबलेलं होतं. नारळाचं पाणी आणि कुंकू आत जाऊन सुकलं होतं आणि बटण खाली चिकटून बसलं होतं. टेप बिचारा काय करणार? त्याला रात्रंदिवस एकच बटण दाबलेलं कळत होतं, बाकीच्यांचा इशारा त्यातच बुडत होता.

“आई,” सून म्हणाली, “आत्यांनी पूजा केली ती या बटणाला पावली.” आणि तिला असं हसू आलं की चहा सांडला. मी म्हटलं, सांडव, त्यातही साखर आहे, उरलेल्या मुंग्यांनाही बोलाव.

आम्ही आधी चावी काढून ठेवली. ओल्या फडक्यानं पुसलं, फडकं पिळून, आत पाणी जाऊ न देता. मग काडीला कापूस गुंडाळला आणि करोनापासून फळीवर पडलेलं हाताला चोळायचं स्पिरिट त्यावर घेऊन कडा साफ केल्या. लाल, पिवळं, काळं असं बरंच निघालं, आणि मुंग्यांची प्रेतं. मग बटण टक करून वर आलं.

आता टेपला पुन्हा शिकवायचं. मुलानं बंद केलेलं ते पान सुनेनं शोधून काढलं आणि त्यानं शिकवलेलं सगळं आधी पुसून टाकलं. ती बटण दाबून धरायची, मी शेजारच्या सीटवर बसून चित्राला बोट लावायची. अक्षरं इंग्रजी होती, पण चित्रं कळत होती. कर्णा मोठा, कर्णा छोटा, फोन उचललेला, फोन ठेवलेला. एक झालं की थांबायचं, मग दुसरं. टेप एकदाही ‘मला माहीत आहे’ म्हणाला नाही, म्हणून लवकर शिकला.

मग मी ओट्यावर जाऊन माझ्या फोनवरून तिला फोन लावला. तिनं अंगठ्यानं घेतला आणि गाडीतून माझा आवाज आला. “ऐकू येतंय का गो?” असा घोगरा आणि चिडका, जसा कोणी भांडायलाच बसलंय. इतकी वर्षं घरातले लोक माझं का ऐकत नाहीत ते मला त्या दिवशी जरा समजलं.

दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर मांडव्याला गेले. तिला म्हटलं, मला बोट बघायचीय. खरं म्हणजे माझा त्या बटणांवर भरवसा नव्हता. मुलाला आम्ही काही सांगितलं नव्हतं. त्यानं विचारलंही नव्हतं.

जेटीवरून एक आई आणि तिची मुलगी गाडीत बसल्या. मुंबईच्या, टोप्या घातलेल्या. चोंढीच्या पुढे रस्ता अरुंद होतो. समोरून एसटी येत होती, डावीकडे मोटारसायकल, आणि नेमका तेव्हाच फोन वाजला. मी सीट घट्ट धरली. सुनेचा डावा अंगठा हलला, बाकी काही नाही. होमस्टेवाली बाई बोलायला लागली की खोली बदललीय, मागच्या गेटनं आण. सून “हो” म्हणाली, एसटी गेली, मोटारसायकल गेली. मागच्या आईनं आवाज जरा कमी करायला सांगितला, तोही झाला.

अलिबागच्या जवळ आलो तर परत फोन. आणि त्या मोठ्या नव्या स्पीकरांतून, बेससकट, माझा मुलगा गाडीभर घुमला.

“कुठं हायस? गाडी लगेच घरी आन. आज पन हळद हाय, मना पायजे. आनि त्या बाईला सांग, उद्यापासून—”

सुनेनं अंगठा दाबला. आवाज गेला.

“कोण होतं?” मागून मुलीनं विचारलं.

“घरचे,” सून म्हणाली. “गाडी चालवताना मी जास्त बोलत नाही.”

तो परत वाजला. तिनं परत कापला. मी खिडकीतून बाहेर बघत बसले, कारण हसले असते तर दात दिसले असते आणि पुढचे दोन मी घरीच ठेवले होते.

अंधार पडायच्या आत मुलगा आला, चिडलेला. सून अजून गाडीतच बसून स्टेअरिंग पुसत होती. तो गाडीभोवती फिरायला लागला. पुढून, मागून, डाव्या अंगाला वाकून, मोबाइलचा उजेड पाडून. दारावरून हात फिरवला. एका ठिकाणी थांबला, नखानं खरवडलं, तर ती कावळ्याची घाण निघाली. पुन्हा एक फेरी मारली.

“बटणं चालतात,” मी ओट्यावरून सांगितलं. “तुझ्या आतेचं कुंकू गेलं होतं आत. तूच दाखवलंस तिला कुठे लावायचं ते.”

तो चाकाला एक लाथ मारून म्हणाला, “हवा कमी हाय यात.”

“पंप मागच्या पडवीत आहे,” सून म्हणाली. “भरून ठेवा. मला सकाळी लवकर निघायचंय.” आणि चावी घेऊन ती आत गेली.